सात पट्ट्यांचा ठराव

डीडरिक ओस्टरलो हा माणूस अबोल. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेनकडची माणसं एरवीही जपूनच बोलतात, पण डीडरिक त्यांच्यातही कंजूष. सकाळी एकदा 'मोइन' म्हणून रामराम केला की ते संध्याकाळपर्यंत पुरवायचा. मात्र एक वाक्य त्याने चाळीस वर्षं न चुकता म्हटलं. वाढदिवस असो, बारसं असो, मयतानंतरची कॉफी आणि बटरचा केक असो, कोणीतरी त्याच्या गाडीचा विषय काढायचं आणि डीडरिक कप बशीत ठेवून म्हणायचा, "माझ्या गाडीला आजतागायत एकही पट्टी लागलेली नाही."

हे वाक्य झालं की त्याची बायको आल्मुट मान खाली घालून कपातली साखर ढवळायला लागायची. ती कॉफीत साखर घेत नसे.

पट्टी म्हणजे ल्युकोप्लास्ट, जखमेवर लावतात तीच. आणि गाडी म्हणजे लॉईड, मॉडेल तीनशे, सन एक्कावन्न. लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. पत्रा मिळायचा नाही, मिळाला तर परवडायचा नाही, आणि लोकांना तर बायकापोरांसकट, पावसात न भिजता, कुठेतरी जायचं होतं. तेव्हा ब्रेमेनच्या कारखान्याने लाकडी सांगाडा केला, त्यावर प्लायवूड ठोकलं आणि वरून रेक्झिन ताणून बसवलं. पुढे दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, दहा घोड्यांचं. माणसं चार. सामान मागच्या सीटच्या पाठीमागे आतूनच कोंबायचं, कारण डिकीला बाहेरून दारच नव्हतं. वाऱ्याने मनावर घेतलं तर ताशी पंचाहत्तर. रेक्झिन फाटलं की लोक औषधाच्या कपाटातली चिकटपट्टी आणून लावायचे, म्हणून सगळा देश तिला 'ल्युकोप्लास्ट बाँबर' म्हणायला लागला. ज्यांच्याकडे धड सायकल नव्हती तेही म्हणायचे, किंबहुना तेच जास्त म्हणायचे.

आता डीडरिकला हे का झोंबावं, तर ते रेक्झिन त्याने स्वतः ताणलेलं होतं. चौदाव्या वर्षी तो घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवायला शिकला. शिकून तयार झाला तोवर लढाईत घोडेही गेले आणि घोडेवालेही. हातात आरी, चामडं कापायची रांपी आणि मेणाचा दोरा घेऊन हा पोरगा घरी परतला तेव्हा अख्ख्या गावात एक म्हातारी घोडी उरली होती, आणि तिच्याकडे खोगीर होतं. मग कारखान्याने जाहिरात दिली: सुतार पाहिजेत, चामड्याचं काम येणारे पाहिजेत. मोटारीच्या कारखान्यात सुतार आणि खोगीरवाले, लोक पोट धरून हसले. डीडरिक गेला. प्लायवूडवर कापसाचा पातळ थर, त्यावर खळ, त्यावर रेक्झिन, आणि अंगठ्याच्या पेराने मधून कडेकडे असं सरकवायचं की खाली हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. कडेला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या आणि वरून किनार बसवून त्या झाकायच्या. घोड्यांची जागा दहा घोड्यांच्या डब्याने घेतली होती, पण कातडं ओढून बसवायचं काम तेच होतं. शिवाय या गाडीत पुढची चाकं ओढायची आणि मागची नुसती मागून यायची. "हे बरोबर आहे," डीडरिक म्हणायचा, "घोडा पुढेच असतो." इंजिनियरिंगबद्दल याहून लांब भाषण त्याने कधी केलं नाही.

त्रेपन्न सालापासून पत्रा यायला लागला. आधी एक भाग पत्र्याचा झाला, मग दुसरा, आणि बघता बघता कातडी ताणणाऱ्यांची गरजच संपली. डीडरिकला सीटच्या विभागात बसवलं. एकसष्टमध्ये कारखानाच बुडाला, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्याने लोकांचे सोफे शिवले. पण स्वतःच्या हाताने मढवलेली ती एक गाडी त्याने ठेवली. करड्या रंगाची, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. दर शनिवारी तो तिला ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग नुसत्या तळहाताने. शेजारचे आपापल्या चकचकीत गाड्या पुसता पुसता तिरक्या नजरेने बघायचे आणि बघितल्याचं दाखवायचे नाहीत.

पेट्रोलची टाकी भरली की त्यात पंचविसाला एक या प्रमाणात ऑइल ओतायचं आणि ते मिसळावं म्हणून गाडी गदागदा हलवायची. हे काम आल्मुटकडे. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या वॉर्डची मुख्य सिस्टर, जिच्या समोर शिकाऊ डॉक्टर घाम पुसायचे, ती पेट्रोल पंपावर भर लोकांत गाडीला ढुशा द्यायची. तिने कधी कुरकूर केली नाही. गाडीशी तिचं भांडण नव्हतंच.

शहाण्णव साली डीडरिक सत्तरीचा झाला आणि गाडी पंचेचाळीसची. मुलगी स्टुटगार्टला. तिला गाडी घेशील का विचारलं तर म्हणाली, "बाबा, माझ्याकडे एकच पार्किंग आहे, आणि तिथे गाडी आहे." त्या आठवड्यात डीडरिकने गाडी दोनदा पुसली. आपण गेल्यावर कोणीतरी तिच्यात कोंबड्या पाळणार, हे त्याच्या डोक्यात बसलं. आल्मुटने ते ओळखलं आणि तिनेच जुनी वाहने मित्रमंडळाला चिठ्ठी टाकली. मंडळ ब्रेमेनच्याच हेमेलिंगन भागात जुन्या तागाच्या गोदामात संग्रहालय उघडणार होतं.

मंडळ म्हणजे काय हे सांगायला नको. सदस्य एकोणतीस, गाड्या अकरा, घटनेची पानं चव्वेचाळीस. अध्यक्ष डॉक्टर राइमुंड कासेबाउम, दातांचे डॉक्टर, वय पंचेचाळीस. लॉईड रस्त्यावर होती तेव्हा हे दुपट्यात होते, पण लॉईडवर अधिकारवाणीने बोलायचे. सरचिटणीस फोल्कमार ल्यूर्स, टपाल खात्यातून निवृत्त. यांना इतिवृत्त लिहायचं व्यसन होतं. कोणी शिंकलं तरी वेळ टाकून लिहायचे.

दोघे जूनमध्ये गाडी बघायला आले. डॉक्टरांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, 'अप्रतिम' म्हणाले, आणि दाताच्या डॉक्टरला सवयच असते म्हणून डोळे मिटून बोटांची टोकं फिरवायला लागले. उजव्या अंगाला, दाराच्या मागे, त्यांचं बोट थांबलं.

"इथे काहीतरी आहे, ओस्टरलोसाहेब. किंचित उंचवटा. कीड लागल्यासारखा."

"लाकडाची गाठ," डीडरिक म्हणाला.

आल्मुट दारात ट्रे घेऊन उभी होती. तो उंचवटा तिला चांगला ठाऊक होता. फडकं फिरवताना दर वेळी हाताला लागायचा. आपण तेव्हा उशीर केला, पाणी आत गेलं आणि लाकूड फुगलं, असं ती बेचाळीस वर्षं मनाशी समजून होती. डीडरिकने कधी बोलून दाखवलं नाही हे तिला जास्त लागायचं. तिने ट्रे खाली ठेवला आणि केक कापायला घेतला.

केकचा दुसरा तुकडा घेताना डॉक्टर म्हणाले, "गाडी आम्ही आनंदाने घेतो. मधोमध ठेवू. फक्त एक बारीकशी अडचण आहे. तिच्यावर पट्ट्या नाहीत."

"नाहीत," डीडरिक म्हणाला.

"तेच. लोक ल्युकोप्लास्ट बाँबर बघायला येणार. शाळेच्या सहली येणार, वर्तमानपत्रवाले येणार. त्यांना पट्टी दिसली नाही तर ते म्हणतील ही अस्सल नव्हे."

"मी बनवलीय ती."

"त्याबद्दल आदरच आहे. पण तुम्ही कारखान्यात होता. मी एकूण ऐतिहासिक चित्राबद्दल बोलतोय."

ल्यूर्सांनी लिहिलं: साडेचार वाजता, ऐतिहासिक चित्र.

जुलैच्या सभेत विषय रीतसर मांडला गेला. आल्मुट नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत बसली होती. पहिला तास पट्ट्या असाव्यात की नाही यावर जाईल असं तिला वाटलं होतं, पण ते तीन मिनिटांत उरकलं. असाव्यात. खरी चर्चा किती असाव्यात यावर झाली. कोणी तीन म्हणालं, त्यावर दुसरा म्हणाला तीन म्हणजे चेष्टा केल्यासारखं दिसेल. कोणी बारा म्हणालं. डॉक्टरांनी समतोल भूमिका घेतली आणि सात ठरल्या, सगळ्या डाव्या अंगाला, कारण उजवं अंग भिंतीकडे येणार होतं. पट्ट्या मात्र त्या काळच्याच हव्यात, यावर कोणाचं दुमत नव्हतं. आजकालच्या पट्ट्या लावणं म्हणजे लबाडी झाली असती. फेर्डेनच्या एका म्हाताऱ्या औषधवाल्याकडून पन्नास सालचं, पत्र्याच्या रिळावरचं अस्सल बंडल मिळवलं होतं, ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं. फक्त त्याचा चिकटपणा उडालेला होता. तेव्हा अस्सल पट्टी आजच्या उत्तम डिंकाने चिकटवावी असा उपठराव झाला. बाजूने सव्वीस, तटस्थ दोन.

विरुद्ध एक, गाडी देणारा म्हणून मत मिळालेल्या डीडरिकचं. डीडरिक उभा राहिला आणि त्याने आपलं वाक्य म्हटलं.

आल्मुटच्या समोर ढवळायला कप नव्हता, म्हणून तिने पर्सचं बक्कल उघडलं, मिटलं, उघडलं.

ल्यूर्स मनाने वाईट नव्हते. त्यांनी घटना चाळली आणि कलम नऊ, पोटकलम तीन काढलं. वस्तूच्या इतिहासाबद्दल वाद असेल तर देणाऱ्याने शपथेवर लेखी निवेदन द्यावं, आणि त्या काळी हजर असलेल्या एका साक्षीदाराने त्यावर सही करावी. तसं निवेदन मिळालं तर पट्ट्या लागणार नाहीत. उलट गाडीसमोर पाटी लागेल: 'कारागीर डीडरिक ओस्टरलो यांनी स्वहस्ते मढवलेली. हिला एकही पट्टी लागलेली नाही.'

"साक्षीदार आहे का कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही आहे ना," डीडरिक म्हणाला आणि त्याने चक्क बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत त्याने असं याआधी एकदाच केलं होतं, लग्नात, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून.

फॉर्म टपालाने आला. दोन प्रती, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळी येतील तेव्हा सह्या करून द्यायच्या. डीडरिकने चष्मा लावला, वळणदार अक्षरात सही केली आणि पेन आल्मुटकडे सरकवलं. तिने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"मी नाही सही करणार."

"का?"

"का म्हणून विचारतोस? पाटीवर काय लिहायचं ते लिही, माझं काही म्हणणं नाही. पण इथे 'शपथेवर' लिहिलंय. छत्तीस वर्षं मी पेशंटच्या चार्टवर ताप लिहिला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी एक अंश कमी केला नाही."

"गाडीला ताप नाही."

"पट्टी होती, डीडरिक. मी लावली होती."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली. डीडरिक उठला आणि अंगणात गेला.

झालं होतं ते असं. चोपन्न सालचा ऑगस्ट, चौदा तारीख, शनिवार. आल्मुटच्या धाकट्या बहिणीचं, तालेआचं, ओस्टफ्रीसलांडमध्ये लग्न होतं. डीडरिक कोट घालून, स्वतःच्या हाताने मढवलेली गाडी घेऊन निघाला होता. सासुरवाडीला त्याची कारागिरी पहिल्यांदा दिसणार होती. लेअर गावाच्या पुढे एका अरुंद वाटेवर गाई आडव्या आल्या. डीडरिकने गाडी थांबवली. एका गाईला अंग खाजवायचं होतं, तिने गाडी निवडली. जाताना शिंग घासलं आणि दाराच्या मागे वीतभर कातडी उलगडून लोंबायला लागली. प्लायवूड उघडं पडलं. पश्चिमेकडून काळंभोर आभाळ येत होतं. प्लायवूड भिजलं की फुगतं, फुगलं की थर सुटतात, आणि मग गाडी म्हणजे सरपण. डीडरिकची आरी, दोरा, खळ सगळं घरी. तो नुसता हात लोंबते ठेवून बघत राहिला. आल्मुट खाली उतरली. तिच्या पर्समध्ये इस्पितळातलं बंडल कायम असायचं. तिने रुमालाने लाकूड कोरडं केलं, लोंबती कातडी जागेवर बसवली, वरून रुंद पट्टी दाबून लावली, आणि हाताच्या सवयीने पेन्सिलने तिच्यावर दोन ओळी लिहिल्या. वॉर्डात प्रत्येक पट्टीवर लिहायची, तशाच. दोन मिनिटांत पाऊस कोसळला.

लग्नघरी पोचल्यावर सगळं वऱ्हाड गाडीभोवती जमलं. नवरदेव हार्मची स्वतःची फोक्सवॅगन होती, अंगभर पत्रा. त्याने वाकून पट्टी बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "काय साडूबुवा, पेशंट जेवेल ना आमच्याकडे? की पेज करायला सांगू?" लोक रडेस्तोवर हसले. मंडपात, जेवताना, नाचताना, सगळीकडे पेशंटच्या तब्येतीची चौकशी. डीडरिक तीन दिवस आल्मुटशी बोलला नाही. घरी आल्यावर सोमवारी कामावरून आला तो तसाच अंगणात गेला आणि उजव्या अंगाचं रेक्झिन पूर्ण नवं चढवलं. आल्मुटने खिडकीतून बघितलं. आपली पट्टी त्याने ओरबाडून कचऱ्यात फेकली असणार, हे तिने गृहीत धरलं. मंगळवारी तो म्हणाला, "मीठ दे." आणि संसार पुढे सुरू झाला. पुढच्याच महिन्यात कोणाच्या तरी वाढदिवसाला त्याने ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं.

तर आता फॉर्म टेबलावर पडून होता. जेवणाची ताटं त्याच्या कडेकडेने मांडली जायची. शेवटचा शनिवार जवळ यायला लागला. डीडरिकचं बोलणं जवळजवळ बंदच झालं, पण हा राग नव्हता, हे आल्मुटला कळत होतं. तो सकाळी उठून गाडीच्या डाव्या अंगासमोर स्टूल टाकून बसायचा, जणू सातही पट्ट्या त्याला आधीच दिसत होत्या. जेवण अर्धं टाकायचा. तिला त्याची कीव यायची आणि पाठोपाठ संताप यायचा. एक सही तर करायची. कोण विचारणार होतं? तालेआ गेली, हार्मला आता स्वतःचं नाव आठवत नाही. एकदा तिने टोपण काढलंसुद्धा. मग वाटलं, मी नसते तर त्या दिवशी ती गाडी उरली नसती. बेचाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून मला पुसून टाकतोय आणि आता मीच सही करून ते पक्कं करायचं. तिने टोपण परत लावलं.

"एक तोडगा सांगते," गुरुवारी ती म्हणाली. "'एकही नाही' खोडून 'एक' लिही. लगेच सही करते."

"एक काय नि सात काय," डीडरिक म्हणाला. "हसायला एक पुरते."

शनिवारी अकराच्या ठोक्याला मंडळी आली. कासेबाउम, ल्यूर्स, आणि खोक्यात ठेवलेलं ते पन्नास सालचं बंडल, डिंकाची बाटली, मोजपट्टी. आल्मुटने केक केला होता. रीत म्हणजे रीत. ल्यूर्सांनी फॉर्म मागितला. तिने दिला.

"साक्षीदाराची सही नाही," ल्यूर्स म्हणाले.

"नाही," आल्मुट म्हणाली.

डॉक्टरांनी सभ्यपणे खोकून घेतलं. "मग मंडळाचा नाइलाज आहे, ओस्टरलोसाहेब. ठराव तो ठराव." त्यांनी डाव्या अंगाजवळ गुडघे टेकले, मोजपट्टी लावली आणि खडूने पहिली फुली मारली. खडू रेक्झिनवर किरकिरला. आल्मुटने डीडरिककडे बघितलं. त्याचा चेहरा एवढा म्हातारा तिने याआधी पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी तिला वाटलं, जाऊ दे, मरो ती शपथ, द्या ते पेन इकडे. ती ल्यूर्सांकडे वळली.

"थांब," डीडरिक म्हणाला. कोणाला ते स्पष्ट नव्हतं. तो आत गेला आणि आरी, रांपी आणि छोटी पक्कड घेऊन आला. गाडीला वळसा घालून उजव्या अंगाला गेला आणि दाराच्या मागे गुडघ्यावर बसला. चुका झाकणारी किनार त्याने सोडवली. मग एकेक चूक उपटायला लागला आणि उपटलेली प्रत्येक चूक खिशात टाकायला लागला.

"अहो, हे काय करताय?" डॉक्टर धावत आले. "ती मूळ कातडी आहे!"

"नाही," डीडरिक म्हणाला. "चोपन्नची आहे."

त्याने रांपीचं पातं सरकवलं आणि स्वतःच्या हाताने बसवलेलं रेक्झिन सोलून खाली आणलं, वीत, दोन वीत. कापूस पिवळा पडला होता, तोही बाजूला केला. खाली जुनी करडी कातडी, तिच्यावर फाटलेल्या भागाची रेघ, आणि त्या रेघेवर एक रुंद, तपकिरी पडलेली पट्टी. चारही कोपरे बसलेले. कड उचलून त्याने बोट आत घातलं. लाकूड खडखडीत कोरडं होतं, कुठेही फुगलेलं नव्हतं. हाताला लागायचा तो उंचवटा पट्टीचाच होता.

ल्यूर्स लिहायला विसरले. डॉक्टर जवळ वाकले आणि पहिल्या धक्क्यातून सावरल्यावर त्यांना अध्यक्षपद आठवलं. "ऐतिहासिकदृष्ट्या मोलाचं आहे, वादच नाही. पण ही एकच आहे. शिवाय उजव्या अंगाला आहे. ठरावात डावं अंग स्पष्ट म्हटलंय."

"मग गाडी फिरवा," डीडरिक म्हणाला.

यासाठी सभा बोलवावी लागेल का, यावर अध्यक्ष आणि सरचिटणीस केकच्या टेबलाकडे जाऊन चर्चा करायला लागले. आल्मुट मात्र तिथेच उभी होती. तिने चष्मा चढवला आणि वाकली. पेन्सिलचं अक्षर फिकट झालं होतं, पण तिचंच होतं, घाईतलं, वॉर्डातलं.

"मला वाटलं तू फेकून दिलीस," ती म्हणाली. "नवं रेक्झिन चढवायचं तर आधी खालचं सगळं खरवडून काढतात. तूच सांगायचास सगळ्यांना. मग ही का नाही काढलीस?"

डीडरिकने तळहातावर धरलेली शेवटची चूक खिशात टाकली. मग पट्टीवरच्या ओळींवर बोट ठेवलं. १४ ऑगस्ट ५४. सिस्टरना विचारल्याशिवाय काढू नये. आ. ओ.

"विचारायला हवं होतं ना," तो म्हणाला. "आणि तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो."